पापनाशमच्या फलाटावरचा बाक

पहिल्या समुपदेशकाने माझी पत्रिका मागितली. मी विचारलं, "मला पुरुष आवडतात, हे कुठल्या घरात दिसतं?" त्याने शांतपणे सातव्या घरावर बोट ठेवलं. लग्न झालं की जाईल, म्हणाला. दुसरीने साक्कोट्टैच्या देवळात अठ्ठेचाळीस दिवस तुपाचा दिवा लावायला सांगितला. एकतिसाव्या दिवशी माझी भक्ती पाहून पुजाऱ्याने आपल्या भाचीचं स्थळ सुचवलं. मी दिवे बंद केले. झोप तर दीड वर्षापासूनच बंद होती.

तिसरी नंदिता. पुण्याची, मोबाईलवर भेटणारी. तिला पहिलंच वाक्य मी आमच्या घरच्या मराठीत टाकलं, "मजला बदलायाचें नाही. चालेल कां?"

आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरली आणि तिथेच बसून राहिली. पुण्याची माणसं ती ऐकून हसतात. नंदिता हसली नाही.

"चालेल. मग काय करायचंय?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "झोपायाचें."

अडचण जागेची होती. माझी आई, मीनाक्षीबाई, कुकरच्या शिट्टीतूनही ऐकते. बाहेर मात्र सगळे तमिळ. शेजाऱ्यांची निंदा आम्ही त्यांच्या तोंडावर मराठीत करतो, अजून कुणी रागावलेलं नाही. म्हणून दर गुरुवारी मी कुंभकोणमहून गाडीने पापनाशमला जाऊ लागलो. फलाटावरच्या बाकावर बसायचं आणि मोठ्याने मराठी बोलायचं. चार भिंती नसल्या तरी खोली पक्की होती.

सहाव्या गुरुवारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे बसले होते. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी समई. मी पाऊण तास नंदिताला सगळं सांगितलं. हेमंत, मग हेमंतचं लग्न, आणि त्या लग्नाच्या पंगतीत मी वाढलेला भात. फोन ठेवला.

"भात वाढायास जायाचें नव्हतें रे," म्हातारे म्हणाले.

मराठीत.

घरी कळलं की फोन, नंदिता, नुकतीच परतलेली झोप, सगळं जाणार.

"तुम्ही... आपल्यांतले?"

"विजयराघव. तुझा बाप लक्ष्मीनारायण भजनास माझ्या शेजारी बसतो. ताल चुकतो."

"आप्पांना सांगाल?"

"कितीदा सांगितलें! सुधारत नाही."

"तालाचं नाही हो, मामा. माझं."

"तुझें काय? मी ऐकत नव्हतों. तू ओरडत होतास." त्यांनी समईवरचा कागद उगाच नीट केला. "त्या बाईचा नंबर दे."

"कुणासाठी?"

"या समईसाठी."

"समई नवी आहे, मामा."

"अडुसष्ट वर्षांची आहे," ते रुळांकडे बघत म्हणाले. "अजून कुणाशी बोलली नाही."

मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर नंबर लिहून दिला. गाडीची घोषणा झाली.

"एक सांगून ठेवतो," मी म्हणालो. "ती पहिल्यांदा विचारते, काय करायचंय?"

मामांनी गाडी फलाटाला लागेपर्यंत विचार केला.

"झोपायाचें?"

"ते मी घेतलंय. तुम्ही दुसरं काहीतरी बघा."