रुंद पायरीचं इंजिन

आमच्या ताईसमोर "चालेल" म्हणणाऱ्या माणसाची मला दया येते. ताई दात करते. म्हणजे ती दातांची डॉक्टर नाही. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप ताईच्या टेबलावर येतं आणि ताई त्यावरून कवळ्या आणि कॅप बनवते. शेजारच्या दाताशी रंग जरा जुळला नाही तर ती अख्खा दात पुन्हा करायला घेते. बिचारं गिऱ्हाईक म्हणत असतं, "अहो, चालेल हो, तोंडात कोण बघतंय?" ताई मान वर करूनसुद्धा बघत नाही. मी शिंपी आहे. "चालेल" या शब्दावर माझं निम्मं दुकान उभं आहे, त्यामुळे आमचं दोघांचं वाजतं ते वाजतंच.

तर हे इंजिन. आमचे वडील, नाना, रेल्वेच्या यार्डात इंजिन चालवायचे. लांब पल्ल्याच्या गाडीचं नव्हे, शंटिंगचं. डबे इकडून तिकडे ढकलायचे, गाडी जुळवून द्यायची, आणि ती गाडी रुबाबात निघून गेली की आपण पुन्हा मागे यायचं. कोळशावर चालणारं बुटकं इंजिन होतं, दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या. मेलगाड्यांचे ड्रायव्हर त्याला म्हैस म्हणायचे. नानांना ते जाम झोंबायचं. "म्हशीशिवाय तुमची वरात निघत नाही," असं ते सुनवायचे. पुढे ती इंजिनं मोडीत निघाली, त्यात नानांचंही गेलं. आणि म्हातारपणी काचबिंदूनं नानांची नजर गेली.

नजर गेल्यावर नाना गप्प होत गेले. आधी पेपर वाचून दाखवा म्हणायचे, मग तेही सोडलं. खिडकीशी खुर्चीत बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि सांभाळायला दिलेत. कसं काय विचारलं की "ठीक." जेवलात का, "हो." या माणसाच्या आवाजानं एकेकाळी गल्लीतली पोरं पळायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी दुकानात जास्त वेळ बसायचो. ताईलाही बघवायचं नाही, पण ती माझ्यासारखी पळपुटी नाही.

गेल्या वाढदिवसाला तिनं त्यांच्यासाठी खेळण्यातलं इंजिन आणलं. खेळण्यातलं म्हटलं की ती चिडते, मॉडेल म्हणायचं. दीड वीत लांब, नानांच्या इंजिनाच्याच जातीचं, चांगलं महागाचं. तिनं ते नानांच्या हातात ठेवलं. ते हात किती तरी दिवसांनी गुडघ्यांवरून उठले. धुरांड्यापासून मागच्या कोळशाच्या कप्प्यापर्यंत नानांनी बोटं फिरवली, उलटं धरलं, पुन्हा फिरवली.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं इंजिन?"

"तुमचंच की, नाना!" मी म्हणालो.

"माझं नाही," असं म्हणून त्यांनी ते अलगद परत दिलं. हात पुन्हा गुडघ्यांवर गेले.

मला राग आला. म्हटलं, एवढी हौसेनं आणलेली वस्तू, जरा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "बरोबर बोलले ते. हे कुणाचंच नाही. हे कारखान्यातलं आहे." आणि तिनं तिथंच ठरवलं की पुढच्या वाढदिवसाला हेच इंजिन नानांच्या हातात द्यायचं आणि त्यांनी "माझं" म्हणायचं.

"आणि नाही म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा ते हात पुढे करायचे नाहीत, टाचण्या. मी ओळखते त्यांना." टाचण्या म्हणजे मी. लहानपणी तोंडात टाचण्या धरून बसायचो, तेव्हापासून.

मी म्हटलं, त्यात काय, सरळ नानांनाच विचार ना कुठं काय होतं ते. तर म्हणाली, "विचारलं की मी खपतेय हे त्यांना कळणार. मग माझ्या मेहनतीकडे बघून हो म्हणतील. मला तसलं हो नको."

नानांच्या जुन्या दाढीच्या डब्यात तिला फोटोची एक निगेटिव्ह सापडली. ती तिनं स्टुडिओत देऊन मोठी करून आणली. तरुण नाना इंजिनाला टेकून उभे, एक हात दाराशेजारच्या दांड्यावर. इंजिनाचा नंबर त्यांच्या पाठीआड गेलेला, नुसतं एक शून्य दिसत होतं. ताईनं तो फोटो भिंगाखाली असा वाचला की काय सांगू. दांड्याला दोरी गुंडाळलेली होती, उन्हात हात भाजू नये म्हणून असणार. टाकीवर रिव्हेट मारलेलं ठिगळ होतं. आणि दाराखालची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा रुंद होती, खाली उतरलेली आणि पुढच्या अंगाला किंचित कललेली. "धडक बसली असेल कधीतरी," ताई म्हणाली, "आणि दुरुस्तीच्या शेडवाल्यांनी हाताला लागेल ती पायरी ठोकली असेल."

मग कारखान्यातल्या त्या देखण्या इंजिनाची तिनं जी चिरफाड केली, ती बघून मी त्याची किंमत आठवून हळहळलो. त्याचे दांडे प्लॅस्टिकच्या अंगातच उठवलेले होते, नाटकात रंगवलेल्या मिशीसारखे. ते तिनं कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या यंत्रानं खरवडून काढले, सुईएवढी भोकं पाडली आणि दात सरळ करायची तार वळवून खरे दांडे बसवले, नखानं उचलता येतील असे. धुरांडं उंच होतं, ते कापलं. शिट्टी मेणाची घडवली, तिचा साचा केला आणि कॅपच्या धातूत ओतली. टाकीवरचं एकेक रिव्हेट म्हणजे तापल्या सुईच्या टोकावरून सोडलेला लाखेचा एक थेंब. ओळ जरा वाकडी गेली की सगळी ओळ पुसायची.

रंग द्यायला बसली तेव्हा मात्र मी बोललोच. "अगं, त्यांना दिसतंय का? कशाला धुरकट काळा नि राखाडी काळा करत बसलीस?"

"रंग जाड बसला तर रिव्हेट बुजतील," ती म्हणाली. "आणि त्यांना नाही दिसत, मला दिसतं ना."

मी रोज कापडाशी खेळणारा माणूस, हाताची किंमत मला कळते. अशी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. सख्खी बहीण म्हणून कौतुक करत नाही. सख्खी बहीण म्हणून तर मी तिची टिंगलच करत आलो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मी ताईच्या कामाच्या खोलीवर गेलो. नानांसाठी मी त्यांच्या जुन्या ड्युटीच्या शर्टासारखा शर्ट शिवत होतो आणि खिशाचं झाकण चौकोनी होतं की टोकदार, ते फोटोत बघायचं होतं. इंजिन तयार होऊन टेबलावर रुमालाखाली बसलं होतं. ताई खुशीत होती, मला चहासुद्धा विचारला तिनं. मी भिंतीवरचा फोटो काढून खिडकीशी नेला. झाकण टोकदार निघालं. पण काहीतरी खटकायला लागलं. शर्ट विचित्र दिसत होता आणि का ते कळेना. मग एकदम ट्यूब पेटली.

"ताई," मी म्हणालो, "नाना काय बायकांचा शर्ट घालून इंजिन चालवायचे का गं?"

"सकाळी सकाळी काय बरळतोस?"

"नाही, बघ ना. खिसा उजव्या छातीवर आहे. आणि बटणपट्टी बघ, उजवी बाजू वर आलीय. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते. अख्खं आयुष्य गेलं माझं बटणं लावण्यात."

ताईनं फोटो माझ्या हातून घेतला. आधी खिसा, मग बटणपट्टी तिनं भिंगाखाली धरली. मग खाली बसली. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरून फोटो काढला होता. आरशातल्यासारखं सगळं बाजू बदलून आलं होतं. दोरीचा दांडा, ठिगळ, रुंद पायरी, सगळं ताईनं उजवीकडे केलं होतं, आणि खऱ्या इंजिनावर ते डावीकडे होतं. नाना इकडे उभे राहत असणार असं धरून तिनं आतला ब्रेकचा दांडासुद्धा उजव्या बाजूला नेला होता.

मला वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं. वर्षभराची मेहनत! मी म्हणालो, "ताई, राहू दे ना. सगळं तसंच आहे, फक्त इकडचं तिकडे. एवढं कुणाला कळणार आहे?"

"नानांच्या हाताला," ती म्हणाली आणि उठून दिवा लावला.

ओरडली नाही, स्टुडिओवाल्याचा उद्धार केला नाही, तो मीच केला. तिनं ते ठिगळ कापून काढलं, पायरी उतरवली, दांडे ओढून काढले, भोकं बुजवली आणि दुसऱ्या बाजूला पहिल्यापासून सुरुवात केली. एका गृहस्थांना दुसऱ्या दिवशी मेजवानीला दात हवे होते. भोकं वाळेपर्यंत तिनं त्यांचेही दात करून टाकले. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याशेजारी बसलो. दोरीसाठी मी कोटाच्या बटणांचा मेणवलेला दोरा दिला आणि म्हटलं, हे तरी मला करू दे. चार वेढे दिले तोच तिनं माझा हात धरला. "उलटं. फोटोत वेढे असे जातात, म्हणजे खरे तसे जायचे." मी निमूटपणे सोडले. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की राग धरायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत शेवटचा रंग बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बायकोनं केक केला. नानांनी नवा शर्ट घातला, खिसा चाचपला. केकचा तुकडा खाल्ला, "ठीक" म्हणाले. मग ताईनं खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "नाना, हात द्या."

नानांनी हात उचलले खरे, पण फारसे नाही. गेल्या वर्षीचं त्यांना आठवत असणार. ताईनं इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी ताईकडे बघितलं. एरवी सुईच्या टोकावर थेंब तोलणारी तिची बोटं रिकाम्या रुमालाला पीळ देत होती.

नानांची बोटं धुरांड्यावर गेली, थांबली आणि पुन्हा गेली. शिट्टी दोन बोटांत धरली. मग डावा हात टाकीवरून मागे सरकायला लागला, रिव्हेटांवरून हळूहळू, ठिगळापाशी आला आणि ठिगळाच्या कडेनं फिरला. दाराजवळच्या दांड्याला लागला तसा अंगठा दोरीवर मागेपुढे व्हायला लागला. मग हात खाली पायरीवर उतरला. तिथं मात्र नानांच्या कपाळाला आठी पडली.

"ही पायरी," ते म्हणाले, "अशी सरळ नव्हती. पुढनं जरा खाली होती."

"आहे खाली, नाना," ताई म्हणाली. "नीट बघा. अंगठा पुढे न्या."

नानांनी अंगठा पुढे नेला. आठी गेली.

"माझं आहे हे," नाना म्हणाले. "अरे, माझं इंजिन आहे हे! कुठं मिळालं तुम्हाला?"

मी हसलो की रडलो, मला खरंच सांगता येणार नाही. बायको मोठ्यानं टाळ्या वाजवायला लागली. नानांना बोलण्याची उबळच आली. ठिगळ कसं पडलं, कुठला डबा अंगावर आला, दोरी कुणाच्या गाठोड्याची चोरली, सगळं धडाधड सांगत सुटले. आवाज थेट यार्डातला.

"आणि पायरी?" मी विचारलं. "तीही त्याच धडकेत गेली ना?"

"छे! पायरीला काय झालं होतं?" नाना म्हणाले. "पायरी मी मागून घेतली. शेडच्या फोरमनच्या किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठं त्यानं बसवली. वर कुणाला कळलं असतं तर आम्हा दोघांची नोकरी गेली असती."

"पण कशाला?"

"हिच्यासाठी." नानांनी ताई बसली होती त्या दिशेला हनुवटी उडवली. "माझा जेवणाचा डबा घेऊन यायची ना ही. इंजिनात चढायचं म्हणून हट्ट धरायची, नि पाय पुरायचा नाही. उचललेलं खपायचं नाही हिला. मी चढणार, मी चढणार. मग काय करतो? पायरी खाली आणली."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू शिट्टी वाजली की रडायचास."

ती पायरी ताईनं दोनदा केली होती, एकदा चुकीच्या बाजूला आणि एकदा बरोबर. भिंगातून पाहून तिचा उतार केसाएवढा जुळवला होता. इतकी खाली का, हे तिला आजवर माहीत नव्हतं. ती खुर्चीतून उठली आणि जमिनीवर नानांच्या पायाशी बसली, आणि इतकी मोठी बाई, हुंदके देऊन रडायला लागली.

नानांनी एक हात इंजिनावर तसाच ठेवला. दुसऱ्या हातानं चाचपत तिचं डोकं शोधलं.

"काय गं," त्यांनी विचारलं, "आता पुरतो का पाय?"

"पुरतो, नाना," ताई म्हणाली.