चढावर थांबलेली गाडी

“उतरू का मी?” कोंडाबाईनं विचारलं आणि मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

“बसा मावशी. ब्रेक दाबलाय मी,” सालेहा म्हणाली.

तिनं किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली आणि पेडल हळूच दाबलं. सीटखाली टक्क असा आवाज झाला, गाडी वीतभर सरकली आणि थांबली. बॅटरीच्या मीटरचा काटा भरल्या खुणेवरून एकदम लाल रेघेवर आला. पाय काढला की परत होता तिथं. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं, आणि तिन्ही वेळा चढावरच.

लातूरबाहेरच्या त्या दवाखान्याचं फाटक एका टोकाला आणि डायलिसिसची इमारत दुसऱ्या टोकाला. मधे नाला, नाल्याच्या दोन्ही बाजूंना चढ. कोंडाबाई चाकूरहून आठवड्यातून दोनदा बसनं यायची. फाटकापासून पुढं ही बॅटरीची गाडी. सालेहा आधी इथंच फरशा पुसायची. दीड वर्षापूर्वी गाडी आली तेव्हा चालवायला कुणी तयार होईना, म्हणून तिनं मागून घेतली होती.

दोन वॉर्डबॉयनी ढकलून गाडी इमारतीपाशी नेली. उतरताना कोंडाबाई म्हणाली, “दोन वाजता सुटंन मी. मशीनवरून उठलं की पायात जीव राहत न्हाई गं.”

“मी येते न्यायला. गाडी घेऊनच येते,” सालेहा बोलून गेली.

तेवढ्यात सुपरवायझर मन्मथ स्वामी फोन कानाला लावूनच आला. “कंपनीवाला म्हणायलाय, सहाच्या सहा बॅटऱ्या गेल्या. नव्या मंजूर होईस्तवर गाडी झाकून ठेवा. सोमवारपासून तुम्ही परत साफसफाईला.”

“बॅटऱ्या गेल्या असत्या तर सपाटीवर कशी पळती साहेब? मी बघू का एकदा?”

“तुम्ही?” मन्मथनं तिच्याकडं पाहिलं. मग इमारतीच्या पायऱ्या एकेक करून चढणाऱ्या कोंडाबाईकडं पाहिलं. “दोन वाजेपर्यंत. मी काही बघितलं न्हाई. अन् शॉक बसला तर माझं नाव घेऊ नका.”

शेडच्या सावलीत गाडी लावून सालेहानं नांदेडला फोन लावला. तिचे अब्बा, गफूर, यांनी तिथल्या इतवारा बाजारात चाळीस वर्षं विजेच्या मोटारी रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान चालवलं होतं. लहानपणी ती तिथं उंबऱ्यावर बसून बघायची. पाना मात्र त्यांनी तिच्या हातात कधी दिला नाही. हात काळे झालेल्या मुलीला कोण मागणी घालणार, म्हणायचे. आता त्यांचे हात थरथरत होते आणि दुकान बंद होतं.

तिनं सगळं सांगितलं. अब्बांनी एकच विचारलं.

“टक करती ना?”

“करती अब्बा.”

“तो चाबी, पेडल सब ठीक है. पहले चूड़ियाँ उतार. चढ पे जोर लगा, फिर चाबी निकाल, और एकेक जोड के पास उलटा हाथ ले जा. जो गरम, वही चोर.”

सालेहानं बांगड्या काढून रुमालात बांधल्या. गाडी नाल्यात नेली, चढावर दोन-चारदा जोर लावला, किल्ली काढली आणि सीट उचलली. तापलेलं पोर बघावं तसा तिनं एकेका जोडाशी उलटा हात नेला. पहिली बॅटरी गार. दुसरी, तिसरी, चौथी गार. पाचवीच्या जोडावर हात टेकला आणि तिनं तो झटकन मागं घेतला.

वरून तो जोड धडधाकट दिसत होता. नट सोडून वायर ओढली तर तिच्या टोकाची धातूची टोपी सुटून हातात आली. आत तांबं काळं पडून गेलं होतं. शाबूत राहिलेल्या पाच-सहा तारांवर सगळा भार होता. सपाटीवर तेवढ्या पुरायच्या, चढावर नाही.

जनरेटरच्या खोलीतल्या अश्वजितनं नवी टोपी दिली आणि ती दाबून बसवायचं हत्यारही. “मी बसवून देऊ का, ताई?”

“नको. तुम्ही नुसतं बघा, चुकलं तर सांगा.”

खराब टोक कापून तिनं चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर सोलली आणि नवी टोपी दाबून बसवली. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं जोड धुतले, कोरडे केले, नट आवळले. अश्वजितनं वायर हलवून बघितली आणि मान डोलावली.

पावणेदोनला मन्मथ आला. त्यानं तिचे काळे हात पाहिले आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. अंगानं तो चांगलाच भरलेला होता. सालेहानं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि पेडल दाबलं. गाडी चढाला लागली. काटा किंचित हलला आणि जागेवर राहिला. वर सपाटीला आल्यावर तिनं सोडलेला श्वास मन्मथला ऐकू गेला.

“कंपनीवाल्याला काय सांगू आता?” तो हसला.

“जोड खराब होता म्हणा.”

“हाव. आमच्या ड्रायव्हरनं बसवला, असंच सांगतो.”

दोन वाजता कोंडाबाई भिंतीला धरत बाहेर आली. दारात गाडी पाहून तिथंच थांबली. “आली का गं बाई,” म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. सालेहानं तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं. एवढ्यात फोन वाजला.

“अब्बा, चली!”

“सुना मुझे.”

कोंडाबाईनं फोन घेतला आणि पट्टी नसलेल्या हातानं खाली, मोटारीच्या दिशेनं धरला. गाडी नाल्यात उतरून चढाला लागली.

“कुछ सुनाई नहीं देता,” गफूर म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी मोटारी आवाजावरूनच ओळखल्या होत्या.

“इसको आवाजच नहीं रहता अब्बा,” सालेहा मोठ्यानं म्हणाली. “चढ रही है.”



“और थोडा पकड के रख,” फोनमधून आलं.

फाटक येईपर्यंत कोंडाबाईनं फोन तसाच धरून ठेवला.