गंभीररावांचा राक्षस

गंभीरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्याचा हसरा फोटो एकही सापडत नाही त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांच्या सात जाडजूड कादंबऱ्या घरातच धूळ खात पडल्या होत्या. आठव्या कादंबरीत कसा कोण जाणे, अंधाराला घाबरणारा एक राक्षस शिरला, आणि शाळाशाळांच्या ग्रंथालयांत तिच्यासाठी पोरांचे नंबर लागले.

मग अद्भुतकथांच्या पुरस्कारांची यादी आली. एक पुरस्कार मोठ्यांच्या पुस्तकाला, एक मुलांच्या. गंभीररावांचं नाव मुलांच्या यादीत!

"अभिनंदन हो, बालमित्र!" मेहुणीनं फोनवर चिडवलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. उभी हयात माणसाच्या एकाकीपणावर घालवली, ती काय चिल्ल्यापिल्ल्यांच्या टाळ्यांसाठी?

"अहो, पहिल्यांदाच कुणीतरी तुमचं वाचतंय," बायको म्हणाली.

"मला दाढीमिशा आलेले वाचक हवेत!"

"म्हणजे मी बादच की."

गंभीरराव इरेला पेटले. राक्षसाला दारू लावली, परीचा घटस्फोट करवला, बोलक्या घुबडाच्या तोंडी सणसणीत शिव्या घातल्या आणि जमेल तिथं कुणाला ना कुणाला मारलं. प्रकाशकानं कपाळाला हात लावला, पण नवी आवृत्ती काळ्या मुखपृष्ठात काढून दिली. ती बगलेत मारून स्वारी पुरस्काराच्या कचेरीत हजर.

"मोठ्यांच्या यादीत घालता येईल," सचिवबाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "पण हे पुस्तक मुलांसाठी योग्य नाही, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मग शाळांतूनही ते काढून घेतात. जुनी आवृत्तीसुद्धा. नीट विचार करा."

"विचार कसला? आणा कागद!"

समारंभात मोठ्यांचा पुरस्कार भलत्याच कादंबरीला गेला. तिच्यातला राजपुत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छताकडे बघत पडलेला असतो. चहाच्या वेळी गंभीररावांनी परीक्षकांना कोपऱ्यात गाठलं.

"राक्षसवालं तुमचं होय?" परीक्षक बिस्कीट बुडवत म्हणाले. "पहिल्याच पानावर राक्षस दिसला, लगेच पुस्तक मिटलं बुवा. आपण मोठी माणसं!"

पुढच्या आठवड्यात शाळांतून परत आलेली पुस्तकं खोक्यांत भरून घरी आली. बायकोनं एकेक काढून टेबलावर ठेवलं. शिवण उसवलेली, कोपरे दुमडलेले, पानांवर तेलकट बोटं. राक्षस काळोखात एकटाच बसलेला असतो, ते पान तर प्रत्येक प्रतीत निसटून आलं होतं. गंभीररावांनी ती सुटी पानं हातात घेतली. एवढं त्यांचं कुणीच काही वाचलं नव्हतं.

त्यांनी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. "बाई, चूक झाली माझी. पुस्तकं परत पाठवतो. जुनीच, बिनदारूची. ठेवून घ्या."

"आता कशी ठेवू? मुलांसाठी योग्य नाही, असं तुम्हीच तर लिहून दिलंत."

"मुलं... काही विचारतात का हो?"

"रोज विचारतात, आमचा राक्षस कुणी नेला म्हणून."

"मग तुम्ही काय सांगता?"

"तुमचं नाव सांगते," बाई म्हणाल्या.