खंडेनवमीचं गॅरेज

भागुबाईंनी तोंडातून काढलेला शब्द परत घेतला, असं बनशंकरीतल्या त्या गल्लीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. दूधवाल्यानं नाही, सून सुखदानं नाही, आणि दीर प्रतापरावांनी तर मुळीच नाही. दुसरीच्या पुढं शाळा नाही, सही करताना अजून जीभ बाहेर येते. पण त्याच जिभेला बँकेतून रिटायर झालेले प्रतापराव टरकून असत. एक गोष्ट मात्र सगळे मानत. बाई तिखट, पण खोटं बोलणार नाही.

म्हणून तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांचं खोटं इतकं सहज खपलं.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा संग्राम एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. तिथल्या साहेबाशी वाजलं आणि त्यानं नोकरी सोडली. घराच्या डाव्या अंगाला, धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड होतं त्या पट्टीत, घराला जोडून गॅरेज बांधायचं ठरवलं. खाली माणूस उभा राहील एवढा खड्डा, वर काँक्रीटचं छत, पुढं शटर. जुन्या गाड्या दुरुस्त करायच्या, घरच्या घरी. प्रतापरावांना हे बसवनगुडीतल्या त्यांच्या घरी कळलं आणि त्यांनी नात्यातल्या एका लग्नात, भर पंगतीत, तोंड उघडलं.

"वहिनी, आता दारात रांगोळीऐवजी ग्रीसच घाला की. पुसायला नको रोज."

पंगत हसली. भागुबाईंनी हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"खंडेनवमीला या भावजी. माझ्या पोराच्या गॅरेजात, छताखाली खुर्ची टाकून बसवते तुम्हाला. चहा पण तिथंच देते. कपाला ग्रीस लागलं तर नाव बदला माझं."

शब्द गेला तो गेला. पण पावसाला कुठं ठाऊक? तो लांबला, काम लांबलं, आणि छताचं काँक्रीट पडलं ते पितृपक्ष संपता संपता. देवाप्पा मेस्त्री चिक्कोडीकडचा, मराठी-कन्नड एकत्र कालवून बोलणारा माणूस. काँक्रीट ओतून झाल्यावर त्यानं छताखाली उभ्या केलेल्या नीलगिरीच्या वाशांवर थाप मारली.

"अम्मा, स्वल्प थांबायचं आता. ह्या मधल्या वाशांना हात लावायचा नाही. छताचे दिवस भरू देत. दसरा करून मी येतो, मग मीच काढतो."

"आणि खंडेनवमीला गाडी कुठनं आत घालायची? वाशांच्या रानातनं?"

"गाडी बाहेर पुजा की."

"बाहेर पूजा करायला मी छत बांधलं होय रे?"

देवाप्पा हसला, आणि गावी निघून गेला. छताला रोज पाणी लागतं म्हणून वर सिमेंटचे बारके बांध घालून त्यानं भाताच्या वाफ्यांसारखे वाफे केले होते. पहिल्या मजल्यावरच्या खोलीतनं त्या छतावर जायला दार होतं. तिथं उभं राहून भागुबाई सकाळ-संध्याकाळ पाइपनं वाफे भरत. दुसऱ्या कुणाला पाइपला हात लावू देत नसत.

आदल्या दुपारी संग्राम गिऱ्हाइकाची गाडी आणायला गेला होता, आणि दारात सेंट्रिंगवाला रोशन उभा राहिला. वासे, फळ्या, सगळं त्याचं भाड्याचं सामान. त्याला ते दुसऱ्या साइटवर हवं होतं.

"अम्मा, मेस्त्री काय बोलले? काढू का?"

भागुबाईंनी वाशांकडं बघितलं. एक खुर्ची ठेवायला जागा नव्हती. उद्या प्रतापराव येणार, फाटकातनं डोकावणार, आणि मिशीत हसणार.

"बोलले," त्या म्हणाल्या. "काढ."

त्या क्षणाला फार काही वाटलं नाही. वासे, फळ्या एकेक करून उतरल्या तसं आतलं उजळत गेलं. लख्ख, मोकळी, ऐसपैस खोली. कडेचे चार-सहा वासे रोशननंच आपल्या मनानं ठेवले. बाकीचे फाटकाबाहेर रचून तो टेम्पो बघायला गेला. सणाच्या गर्दीत टेम्पो काही मिळाला नाही.

संध्याकाळी संग्राम आला आणि दारातच थबकला.

"आई, वासे कुणी काढले?"

"देवाप्पाचा फोन आला. काढा म्हणाला."

"इतक्यात?" त्यानं छताकडं मान वर केली, मग आईकडं बघितलं.

"त्यानं दोनशे घरं बांधल्यात. तू किती?"

संग्राम हसला. आई खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. त्यानं गाडी आत घेतली.

सकाळी गॅरेज नवरीसारखं सजलं. शटरला केळीचे खुंट, आंब्याचं तोरण. पाने, जॅक, हातोड्या धुऊन शटरच्या तोंडाशी, एका बाजूला पाटावर मांडल्या, त्यांना हळदकुंकू. गाडीच्या टपावर झेंडूची जाड माळ. गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या वेळची पांढरी गाडी. सुखदानं ती अशी पुसली होती की टपात तोरण दिसावं. कोहळा पाटाशेजारी. आणि गॅरेजच्या मधोमध, गाडीशेजारी, छताखाली, खुर्चीवर प्रतापराव.

"मानलं वहिनी," ते म्हणाले. "बांधलंत खरं."

"माना की. मानायला पैसे पडत नाहीत," भागुबाई म्हणाल्या, आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

हा क्षण त्यांनी कितीदा मनात घोळवला होता! पण तो धड तोंडात विरघळायच्या आतच गाडीखालच्या खड्ड्यातनं संग्रामचा आवाज आला.

"आई, आरती थांबव जरा. ऑइल गळायलंय खालनं. गळत्या गाडीची पूजा नको. एवढा एक बोल्ट पिळतो."

त्याच वेळी गाडीच्या बॉनेटवर टप्पकन एक थेंब पडला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. भागुबाईंचं गेलं. त्यांनी वर बघितलं. छताच्या मधोमध, जिथं काल वाशांची रांग होती तिथं, एक ओली रेघ होती. केसाएवढी. इतके दिवस त्या वर पाणी भरत होत्या आणि खालून छत कोरडं ठणठणीत असे. कालच तर बघितलं होतं. आणि आज सकाळी सणाचं म्हणून त्यांनी वाफे काठोकाठ भरले होते.

दुसरा थेंब पडला.

"अरे वा!" प्रतापराव म्हणाले. "गाडीला अभिषेक चाललाय की!"

सुखदा हसली. भागुबाईंनी प्रतापरावांच्या खुर्चीची पाठ धरली.

"भावजी, चला, आत जेवायलाच बसा. पुरणपोळी गरम आहे."

"आरतीच्या आधी? वहिनी, तुम्ही म्हणता हे? बसवलंयत ना इथं, आता बसू द्या."

"संग्राम, वर ये रे. मुहूर्त टळतोय."

"दोन मिनिटं, आई."

"दोन मिनिटं नाहीत. वर ये म्हणते ना!"

"पाना निसटला हातातला! थांब की जरा. सणासुदीला ओरडू नकोस."

गाडी खड्ड्यावर आडवी. खाली उतरायच्या पायऱ्या पार मागच्या भिंतीशी. म्हणजे बाहेर यायचं तर त्याला पायऱ्या चढून, ह्या छताखालनं अख्खी गाडी वळसा घालून यावं लागणार. भागुबाईंच्या नजरेनं ते अंतर मोजलं. वर रेघ आता बोटभर रुंद ओली झाली होती. थेंब पडत नव्हते, ओघळत होते. मग छतातनं एक आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडावी तसा. रेघेच्या कडेची चिमूटभर वाळू प्रतापरावांच्या चहात पडली.

"काय हो हे?" ते कपात बघत म्हणाले.

अजूनही सांगता आलं असतं की देवाप्पानंच चूक केली. मेस्त्री गावी, कोण विचारणार? सांगता आलं असतं की गॅस गळतोय, साप निघाला, काहीही. पण साप म्हटलं असतं तर संग्राम खड्ड्यातच साप शोधत बसला असता; ओळखून होत्या त्या त्याला. त्याला जागेवरनं हलवायचं तर खरंच सांगायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर ह्या माणसासमोर.

"संग्राम!" त्या अशा ओरडल्या की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. "देवाप्पानं वासे काढायला सांगितलं नव्हतं. फोन आलाच नव्हता. मी खोटं बोलले. छत फाटायलंय. हत्यार टाक आणि बाहेर ये!"

खड्ड्यात हत्यार पडल्याचा खणखणाट झाला. मग पायऱ्यांवर पावलं. गाडीच्या पलीकडून संग्राम आला, काळाकुट्ट, डोळे तेवढे पांढरे. आईकडं न बघता त्यानं आधी छताकडं बघितलं. मग काकांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं, सुखदाला दंडाला धरून ढकललं, आणि स्वतः गाडीकडं वळला.

"गाडी राहू दे!" भागुबाई किंचाळल्या.

"दुसऱ्याची आहे."

त्यानं दारातनं हात घालून ब्रेक सोडला, खांदा लावला. गाडी हलेना. आणि मग आपले पंचाहत्तर वर्षांचे प्रतापराव, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले, आत गेले, बॉनेटला दोन्ही हात लावून रेटू लागले. गाडी मागं सरकली, उंबऱ्यावरनं उतरली, रस्त्यावर आली. तिच्यामागं ते दोघे.

छत तसंच होतं. पण मध्ये ते बसलं होतं, जुन्या खाटेगत.

सुखदानं देवाप्पाला फोन लावला. त्याचा आवाज गल्लीभर ऐकू येत होता.

"आधी वरचं पाणी सोडा! ओझं आहे ते! खाली कुणी जायचं नाही, वर पाय द्यायचा नाही! पाणी सोडा!"

कुणी काही म्हणायच्या आत भागुबाई जिना चढत होत्या. स्वयंपाकघरातली लोखंडी पहार त्यांच्या हातात होती, नारळ सोलायची. वरच्या दारात, घराच्या जुन्या पक्क्या जमिनीवर पालथं पडून, हात पुढं काढून त्यांनी आपल्याच हातानं भरलेले वाफे फोडायला सुरुवात केली. एक बांध, मग दुसरा. गढूळ पाणी कडेनं धो धो खाली आलं, खुर्चीवर, पाटावर, हळदकुंकवावर, हत्यारांवर. कोहळा वाहत फाटकाशी जाऊन अडकला.

छत उभं राहिलं. देवाप्पा म्हणाला, उद्या येऊन बघतो. टिकवायचं का पाडायचं, तेव्हा सांगतो.

त्या खाली आल्या तेव्हा लुगडं पुढनं चिखलानं माखलं होतं. संग्राम रस्त्यावर गाडीपाशी उभा. हाताचं ऑइल पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता.

"मी खाली होतो, आई," तो एवढंच म्हणाला.

प्रतापरावांच्या धोतरावर दोन काळे पंजे उमटले होते. त्यांचं बोलणं येणार म्हणून भागुबाई उभ्या राहिल्या, खाली मान घालून, येऊ दे म्हणून. ते खाकरले.

"कोहळा आणा वहिनी. गाडी रस्त्यावरच आहे, फोडायला बरं."

पूजा रस्त्यावर झाली. आरती झाल्यावर उरलेलं हळदकुंकू घेऊन भागुबाई फाटकाबाहेर रचलेल्या नीलगिरीच्या वाशांपाशी गेल्या आणि एकेका वाशाला बोट टेकवत बसल्या. संग्राम लांबनं बघत होता. थोड्या वेळानं आला, खाली बसला, दुसऱ्या टोकानं सुरू झाला.

तेवढ्यात टेम्पो घेऊन रोशन आला. वाशांवरचं कुंकू बघून गोंधळला.

"अम्मा, हे न्यायचेत मला. दुसरी साइट थांबलीय."

"मिळणार नाहीत. उद्या देवाप्पा येऊन परत लावणार. भाडं दुप्पट घे."

"पण मेस्त्री तसं बोलले का?"

भागुबाईंचा हात वाशावर थांबला.

"माझ्यावर जाऊ नको," त्या म्हणाल्या. "फोन लाव त्याला. माझ्यासमोर. आणि स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू दे."