फौजींच्या घरगाडीची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. वय सहा वर्षे. माणसांत या वयाची मुले पहिलीत जातात, पण आमच्या जातीत सहाव्या वर्षी भंगाराची भाषा सुरू होते. माझ्याही बाबतीत झाली होती. तरी मी अजून कामावर आहे आणि ताठ मानेने आहे. ते कसे, तेच सांगते.

माझे मालक मानसिंग, कुंडलचे. फौजेत बावीस वर्षे ट्रक चालवून ते घरी आले आणि महिन्याभरात बसून बसून कंटाळले. मग तासगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी घरगाडी बांधून घेतली. जीपच्या मागे जोडायची. आत झोपायला दोन बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी आणि एक छोटा फ्रिज. थेट काश्मीरपर्यंत फिरण्याचा त्यांचा बेत होता. पण त्यांची मुलगी पूजा जनावरांची डॉक्टर झाली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या गाडीत माझी लस थंड राहील की." झाले! काश्मीर राहिले बाजूला आणि आमची गाडी कोरड्या माळांवर मेंढ्यांमागे फिरू लागली.

त्या फ्रिजला दिवसभर वीज पुरवायचो आम्ही दोघी, मी आणि माझी जोडीदारीण. रात्री गाडीची वायर कुठल्याशा शाळेच्या नाहीतर डेअरीच्या प्लगला लागायची. आमच्या शेजारी एक लोखंडी डबा होता. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. बाहेरची वीज आम्हाला पचेल अशी करून आमच्या पोटात भरायची, हे त्याचे काम. गावोगावचे लोक थंडगार फ्रिजचे कौतुक करायचे. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू?

मानसिंग मात्र आमची काळजी घ्यायचे. दर रविवारी आमच्यातले पाणी बघायचे, टोकांवर चढलेली पांढरी बुरशी धुऊन ग्रीस लावायचे. त्यांची खोड एकच. एकदा मनाने घेतले की घेतले.

गेल्या वर्षी आमची ताकद कमी पडू लागली. दुपार झाली की फ्रिज कुरकुरायचा. मानसिंगनी ठरवून टाकले की बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या, आणि आधी माझ्या जोडीदारणीला भंगारात दिले. तिच्यात काही खोट नव्हती. तिची आठवण आली की अजून वाईट वाटते. तिच्या जागी नवी कोरी आली आणि सहा महिन्यांत तीही धापा टाकू लागली. तेव्हा तरी फौजींना शंका यावी! पण "आताचा मालच खोटा," असे म्हणून ते मोकळे झाले.

कन्व्हर्टरवर संशय घेणे त्यांना शक्यच नव्हते, कारण तो त्यांचा लाडका. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, आम्हा बॅटऱ्यांना हळदीकुंकवाचे एकेक बोट मिळायचे. डब्याला मात्र अक्षता, धूप आणि झेंडूचा घसघशीत हार, तोही नेमका त्याच्या पंख्याच्या जाळीवर. हार वाळला तरी काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. पुढच्या नवमीला त्याच्यावरच नवा चढायचा.

यंदा दसऱ्यानंतर आम्ही औंधच्या पुढच्या एका माळावर गेलो. तिथल्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे माणसे, घोडी आणि मेंढरे असा सगळा संसार, दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणाच्या वाटेला लागणार होता. त्याआधी अकराशे मेंढ्यांना लस टोचायची होती. लस थंड राहिली तरच उपयोगाची. एकदा तापली की ते नुसते पाणी. लसीवाचून निघालेल्या कळपात वाटेत रोग शिरला, तर निम्मा कळप घाटातच राहतो.

आणि नेमके त्याच सकाळी, रात्रभर वायर माळाकडेच्या शाळेच्या प्लगला लावलेली असताना, फ्रिज कॅ-कॅ ओरडू लागला. वीज कमी पडत होती. पूजाचा चेहरा उतरला. मानसिंगनी पाना काढला.

"बॅटरी गेली. ही बी म्हातारीच. इट्याला जातो, भंगारात घालतो आन् नवी आनतो," ते म्हणाले आणि माझा नट सोडू लागले. माझ्या अंगातले उरलेसुरले बळही गेले.

तेवढ्यात पहिला कळप घेऊन मनुबाई आल्या. साठीच्या पुढच्या, डोईवर पदर, हातात काठी. त्या क्षणभर बघत राहिल्या.

"काय झालं रं फौजी?"

"आवं मनुआक्का, रातभर लावून ठिवली तरी ताकदच न्हाई हिच्यात."

"शेळी आटली तर तू काय करशील? लगीच इकशील?" मनुबाई म्हणाल्या. "आमी आदी गवान बघतो. वैरन तिच्या म्होरं पडतीया का न्हाई, ते बघितलंस का?"

मानसिंगचा पाना नटावरच थांबला. पूजा मात्र उठली. "आबा, नट सोडू नका," ती म्हणाली आणि तिने गाडीतला मीटर आणून माझ्या दोन टोकांना लावला. वायर प्लगला होती, डब्यावरचा दिवाही लागला होता. आम्ही जेवत असू तर काटा चौदा व्होल्टच्या आसपास हवा. तो बारालाही पोचला नव्हता. मित्रांनो, आमच्या ताटात काही पडतच नव्हते!

पूजाने डब्याचे झाकण उघडले. आत वाळलेल्या झेंडूचा चुरा गच्च भरला होता. हळदीच्या अक्षता पंख्यात अडकून तो जागच्या जागी थिजला होता. वारा नाही, म्हणून डबा तापत गेला आणि तापून तापून आतली पट्टी काळी पडली होती. मानसिंगनी ते पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माज्याच हातानं क्येलं म्हनायचं की हे," ते हळूच म्हणाले.

"रडायला मागनं बस," मनुबाई म्हणाल्या. "माजी मेंढरं हुबी हायती."

मग सगळे कामाला लागले. पूजाने जीप सुरू करून तिच्या बॅटरीपासून जाड वायरी आमच्यापर्यंत ओढल्या. मानसिंग मनुबाईंच्या लेकाच्या मोटरसायकलवर नवा कन्व्हर्टर आणायला विट्याला पळाले. दोन तास जीप घुरघुरत राहिली आणि वर्षभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवले. काय सांगू ते सुख! पुढे परतीपुरते डिझेल राखायला पूजाने जीप बंद केली. आता भर उन्हात फ्रिज सांभाळायचा होता तो आम्ही दोघींनीच.

आम्ही सांभाळला. पत्रा तापला, माळ तापला, पण फ्रिजचा काटा चार अंशांवरून हलला नाही. बाहेर एकेक मेंढी धरली जात होती, टोचली जात होती, अंगावर निळी खूण घेऊन सुटत होती. माळ निळ्या खुणांनी भरत गेला. ऊन उतरता उतरता पूजाने शेवटच्या कोकराला टोचले आणि ती मटकन खाली बसून हसू लागली. अकराशेच्या अकराशे! आतापर्यंत लोकांनी फ्रिजचे कौतुक केले होते. त्या दिवशी पूजा माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या टोपणावर थोपटले.

मानसिंग आले. नवा डबा बसला, पंखा भिरभिरला आणि मीटर चौदाच्या वर गेला. बावीस वर्षांत साहेबापुढेही चूक कबूल न केलेले फौजी सगळ्या वाड्यासमोर म्हणाले, "आक्का, चुकलं माजं. हिची काय बी चूक नसताना हिला इकाय निघालो हुतो."

मित्रांनो, कुणी मागे पडले की त्याला म्हातारे, आळशी, कुचकामी ठरवायला वेळ लागत नाही. घरातली माणसे असोत, जनावरे असोत की माझ्यासारख्या वस्तू, त्यांची काळजी घ्या. नुसती हळद लावू नका, झाकण उघडून बघा. माझ्या जोडीदारणीसाठी तसे कुणी बघितले असते, तर ती आज माझ्या शेजारी असती.

पहाटे वाडे निघाले. घोड्यांवर संसार, मागे मेंढरे. मनुबाई गाडीपाशी क्षणभर थांबल्या आणि माझ्याकडे काठी रोखून मानसिंगना म्हणाल्या, "चैतात परत येतो आमी. हिलाच घिऊन ये."