काहिलीखालचा आवाज

बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. कडेगावापासून शिराळ्यापर्यंतची माणसं येत, कारण तिथे मेलेली माणसं बोलत. गूळ आटवायची भलीमोठी काहील उपडी घालून तिच्यावर निनादबाबा बसत. आत्मा म्हणजे तरंग, तरंग म्हणजे नाद आणि नाद म्हणजे बाबा, असा त्यांचा सिद्धांत होता. तो कुणालाच समजत नसल्याने अजून कुणी खोडून काढला नव्हता.

नाथाजी बायकोशेजारी बसला होता. एकाहत्तरच्या लढाईत पोरगा गेल्याची तार आली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या आत काही हलत नव्हतं. जेव म्हटलं की जेवायचा. आज बायको, लक्ष्मीबाई, तिच्या नावचं दोन एकर उसाचं रान बाबांच्या मठाला लिहून देणार होती. त्यालाही त्याने मान डोलावली होती.

"आई, मी हाय गं हितं." आवाज पत्र्यातून, भिंतीतून, चहूकडून आला. लक्ष्मीबाईने पदर तोंडाला लावला.

इतक्यात पोराचा पलटणीतला दोस्त सयाजी आत शिरला. शत्रूची तोफ आवाजावरून हुडकणं हे त्याचं फौजेतलं काम. आता तो कुपवाडात रेडिओ दुरुस्त करी. खांद्यावर लांब बांबू, दोन टोकांना दोन माईक, कानांवर हेडफोन. लोकांना ती कावड वाटली, त्यांनी अदबीने वाट दिली.

सकाळीच त्याने नाथाजीला समजावलं होतं, "घुबड उंदीर कसं धरतं, काका? दोनी कानांत आवाज एकदमच येईपातूर मान फिरवतं. मग उंदीर नाकासमोर. ह्या बांबूचे कान लांब लांब हायत, म्हणून नेम पक्का."

आवाज बोलतच होता. बांबू फिरवत, थांबत, सयाजी बाबांसमोर येऊन उभा राहिला.

"महाराज, उठा. पोरगं तुमच्या बुडाखाली बोलतंय."

बाबांनी शाप दिला, पण ते उठले नाहीत. गर्दीतल्या चौघांनी आधी बाबांना उचललं, मग काहील. खाली कर्णा, आणि त्याची वायर शेजारच्या ढेपांच्या खोलीत. तिथे माईक धरून बसलेल्या शिष्याला इकडचं काहीच दिसत नव्हतं. उघड्यावर पडलेला कर्णा प्रेमाने म्हणाला, "कागद लवकर कर गं, आई."

हसलं कुणीच नाही.

"आमचं पोरगं हिला कधी आई म्हणलंच न्हाई," नाथाजी म्हणाला. "चुलत्यांचं ऐकून वयनी म्हणायचं. मला पयल्याच गुरुवारी कळलं हुतं."

"मला न्हाई व्हय कळलं?" लक्ष्मीबाई पदराआडून म्हणाली. "पण आई म्हणून हाक मारायला दुसरं कोण हाय मला?"

नाथाजीने बाबांच्या पायाशी पडलेला, सही व्हायचा कागद उचलला, घडी केली, तिच्या हातात दिला. आपल्या आत काही हललं का, ते त्याने पाहिलं. नव्हतं.

मग तो गर्दीकडे वळला. "तुमचं माणूस बोललं, तर रडा, कोण नगं म्हणत न्हाई. पण आदी काहील उचलून बघा. आमाला ठावं असून आमी उचलली न्हाई."