लिंडनच्या बाजूचा दिवा

"हात लावू नकोस त्याला!" टूरे वरून ओरडला.

"ओरडू नकोस. मेलंय ते," मायव्होर म्हणाली.

मनोऱ्याच्या शिडीखाली, दगडी फरशीवर, वटवाघळाचं पिल्लू पडलं होतं. अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं. अंगावर लव आलेली, कान मात्र कुण्या मोठ्या जनावराचे आणून लावल्यासारखे. तिने बागकामाचा हातमोजा चढवला आणि ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतलं. त्याला वजन असं नव्हतंच. या आठवड्यात सापडलेलं हे पहिलं नव्हतं.

टूरे चर्चचा ऑर्गन वाजवायचा. गुडघे गेल्यापासून तो सकाळी एकदा ऑर्गनच्या माळ्यावर चढला की दुपारपर्यंत उतरायचा नाही. जे बोलायचं ते कठड्यावरून वाकून बोलायचा.

"आजारबिजार असेल त्यांच्यात," तो म्हणाला.

"आजार नाही. भूक."

"तुला काय माहीत?"

"दारातल्या ओसरीत जाऊन बघ. एक पंख नाही."

 टूरेलाही ते ठाऊक होतं. ही लांबकानी वटवाघळं पतंग पकडून आणतात, ओसरीच्या तुळईला उलटं लटकून खातात आणि पंख तेवढे खाली टाकतात. चर्चची देखभाल मायव्होरकडे होती आणि उन्हाळ्यात रोज सकाळी ते पंख झाडणं हे तिचं पहिलं काम. तपकिरी, करडे, कधी पिवळे. टूरेची सफरचंदाची बाग चर्चच्या भिंतीला लागून होती आणि त्याच्या बापाने कधी तिच्यावर फवारणी केली नाही. "माझी फौज मनोऱ्यात राहते," असं तो म्हातारा सांगायचा. वेदीवर लेंड्या पडतात म्हणून मायव्होर तिच्यावर रोज मेणकापड घालायची आणि प्रार्थनेआधी काढायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

गेले दहाबारा दिवस मेणकापड स्वच्छ होतं.

"नव्या दिव्यांमुळे असेल का गं?" टूरेने विचारलं. या वेळी तो ओरडला नाही.

मायव्होरने वर्तमानपत्राची घडी पिल्लावर मिटली. 

गेल्या नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, गावाने नेहमीसारख्या थडग्याथडग्यांवर मेणबत्त्या लावल्या होत्या. सगळे घरी गेल्यावर मायव्होरने सांजेची घंटा वाजवली, दार लावलं आणि लिंडनच्या झाडांखालून निघाली. ओल्या पानांवरून पाय सरकला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. फोन पिशवीत होता आणि पिशवी चर्चच्या बाकावर. हाका मारून मारून घसा बसला. मग ती पडल्या पडल्या मेणबत्त्या बघत राहिली. त्या एकेक करत विझत गेल्या. शेवटची तिच्या नवऱ्याच्या, अल्गोतच्या थडग्यावरची. ती गेल्यावर काहीच उरलं नाही. झाडांतून वारा तेवढा वाहत होता आणि जवळच कुठेतरी काहीतरी पाला चिवडत होतं. सकाळी टपाल घेऊन येणाऱ्या बाईला ती सापडली.

हाड जुळलं. पण अंधार पडू लागला की तिचे तळहात ओले व्हायचे. घरात न्हाणीघरात जायलासुद्धा ती आधी दिवा लावून मग पाऊल टाकायची.

इथली माणसं माया तोंडाने बोलून दाखवत नाहीत, काहीतरी बसवून देतात. मे महिन्यात चर्चच्या चारी बाजूंना जमिनीतून वर झोत टाकणारे मोठे दिवे आले. कुणी म्हणालं नाही की हे मायव्होरसाठी. "मनोरा लांबून छान दिसेल," एवढंच म्हणाले. जूनमध्ये इथे धड अंधार होतच नाही, त्यामुळे दिवे लागले ते जुलै सरताना. पहिल्या संध्याकाळी तिने बटणं दाबली आणि वाटेवरचं प्रत्येक पान दिसलं. दारापासून फाटकापर्यंत ती रडत गेली होती. सुखाने.

संध्याकाळी पाद्री यिल्वा आली. वयाने मायव्होरच्या लेकीएवढी, पायात रबरी बूट, कारण ती थेट गोठ्यातून यायची. मायव्होरने तिला फक्त म्हटलं, "माझ्याबरोबर बाहेर उभी राहा."

घंटा वाजून झाली होती. आकाश अजून निळसर होतं, पण मनोरा पांढराशुभ्र पेटल्यासारखा दिसत होता. लिंडनच्या बाजूला, ओसरीच्या बरंच वर, दोन फळ्यांमध्ये एक फट आहे. तिथे एक कान दिसला. मग डोकं. ते उजेडात आलं, थांबलं आणि मागे सरकलं. त्याच्यामागून दुसरं आलं. तेही परत गेलं. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

"म्हणजे बाहेरच पडत नाहीत?" यिल्वाने विचारलं.

"पडतात, पार काळोख झाल्यावर, एखाददुसरं. बाकीची बसून राहतात. त्यांना फटीपासून झाडापर्यंत काळोख लागतो. उजेडात घुबड टिपतं ना."

"मग बंद करू की. तीन बाजूंचे राहू देत, हा एवढा बंद."

"हा एवढाच तर माझ्या वाटेवर पडतो."

यिल्वाने तिच्याकडे पाहिलं. "दार लवकर लावत जा. उजेड आहे तोवर घरी जा."

"आणि घंटा? सूर्य बुडाल्यावर वाजवायची असते. साथीच्या वर्षीसुद्धा चुकली नाही ती."

"मी येत जाईन."

"आणि त्या वेळी तुझ्या गाईंचं दूध कोण काढणार?" मायव्होर हसायला गेली. "आज नको, यिल्वा. उद्या बघू. उद्या नक्की."

त्या संध्याकाळी ती लख्ख उजेडातून घरी गेली आणि एकदाही मान वर केली नाही.

सकाळी शिडीखाली दोन पिल्लं होती. एक ताठ झालेलं. दुसरं हातमोज्यात घेतल्यावर थरथरलं आणि तोंड उघडून काहीतरी शोधू लागलं. मायव्होर खुब्याचा विचार न करता शिडी चढली. वर ऊब होती आणि तो ओळखीचा उग्र वास. आया तुळईला घट्ट चिकटून बसल्या होत्या. तिने पिल्लू त्यांच्याजवळ टेकवलं. एकीने कान उलगडला, बास. उतरताना शिडीच्या मध्यावर ती दांड्याला मिठी मारून उभी राहिली.

"टूरे," ती म्हणाली, "आज दिवा बंद करतेय."

टूरे कठड्यावरून वाकला.

"मी फाटकापाशी थांबतो," तो म्हणाला.

"तू पडलास तर तुला कोण उचलणार? मी?"

"मग ऐक. घरी पोचलीस की स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा लाव. माझ्या टेबलावरून दिसतो. तो लागेपर्यंत मी घास घेणार नाही."

"उपाशी मरशील."

"म्हणून तर सांगतो, पडू नकोस. आज हेरिंग मासे तळणार आहे."

संध्याकाळी तिने घंटा वाजवली. फोन कोटाच्या खिशात आहे ना, हे चाचपून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आतल्या खोलीत जाऊन चारपैकी तीन बटणं दाबली. चौथ्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. तीन बाजू उजळल्या, त्यामुळे ओसरीबाहेरचा काळोख आणखीच दाट झाला.

बाहेर येऊन कुलूप लावलं तेव्हा किल्ली दोनदा भोकाबाहेर घसरली. तिने हातातली विजेरी पेटवली. डोक्यावर खुडबुड झाली. फटीत आलेलं डोकं आत गेलं होतं.

मायव्होर विजेरीकडे बघत राहिली.  पुन्हा दार उघडावं, बटण दाबावं, टूरेला सांगावं की जमलं नाही. कुणी एक शब्द बोललं नसतं. इथे कुणी बोलत नाही.

तिने विजेरी विझवली.

डोळ्यांपुढे काहीच नव्हतं. तिने डावा हात लांब केला आणि पहिला दगड लागला. गार, खरबरीत. हा न्हाव्याचा, एकार हेडबर्गचा. पुढचा गुळगुळीत, म्हणजे जुळ्या बहिणींचा. पाऊल टाकायचं, पान चाचपायचं, मग वजन द्यायचं. कोपऱ्यावरचा दगड पार शेवाळलेला, शाळामास्तरांचा. इथेच ती पडली होती. इथे तिचे पाय उचलेनात. जवळच कुठेतरी पाला चिवडल्याचा आवाज आला आणि तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. दोन्ही हातांनी तिने मास्तरांचा दगड धरला, बोटं शेवाळात रुतवली आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात केसांवरून वारा गेला. पानही हलवणार नाही इतका हलका. मग आणखी एक. मग एकामागून एक, फटीतून लिंडनकडे, तिच्या डोक्यावरून. तिला काही दिसत नव्हतं. ती नुसती मान खाली घालून उभी होती, पावसात गुरं उभी राहतात तशी.

वारा थांबला तेव्हा तिने पुढचा दगड चाचपला. तो अल्गोतचा होता.

भीती गेली नाही. फाटकाची कडी तिने चाचपडत लावली. घरी पोचून तिने खिडकीतला दिवा लावला आणि कोट न काढता खुर्चीवर बसली. शेतापलीकडे, टूरेच्या खिडकीतला दिवा एकदा विझला आणि पुन्हा लागला.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मायव्होर वेदीपाशी गुडघ्यांवर बसली. पुन्हा लेंड्यांनी भरलेलं मेणकापड तिने सकाळी घासून घासून धुतलं होतं, ते दारामागे वाळत होतं. तिने भाकरीसाठी ओंजळ पुढे केली. तिच्या सगळ्या नखांत हिरवं शेवाळ होतं. यिल्वाने ते पाहिलं, भाकरीचा तुकडा त्या हातावर ठेवला आणि पुढच्या माणसाकडे वळली.